गाणं तोंडपाठ, अर्थाचं काय?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की आपल्याला पाठ असलेल्या बहुतेक गाण्यांचा अर्थ आपण कधी स्वतःला विचारलेलाच नसतो. काहींना ते लागलं, काहींना पटलं, आणि पत्रांचा ढीग झाला. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यावरच. माझी बाजू आधीच सांगून टाकते. मी गाणी लिहिते, नाटकांसाठी आणि अल्बमसाठी, आणि बहुतेक वेळा चाल आधी हातात येते, शब्द नंतर. त्यामुळे ही उत्तरं समीक्षकाची नाहीत. रेकॉर्डिंगच्या काचेअलीकडे कागद आणि खोडरबर घेऊन बसलेल्या बाईची आहेत. पत्रं जागेसाठी कापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : तरुणपणापासून एक गाणं गुणगुणत आले आहे. परवा नातीने विचारलं, "आजी, हे कोण कोणाला म्हणतंय?" मला सांगता येईना. शब्द पाठ, चाल पाठ, आणि हा साधा प्रश्न कधी मनातही आला नव्हता. इतकी वर्षं मी वरवरच ऐकत होते का?

उत्तर : नाही हो. तुम्ही गाणं ऐकत होतात आणि नात बोलणं ऐकतेय. दोन्ही एकाच ओळीत राहतात, पण कानाला एका वेळी सहसा एकच सापडतं.

याचं कारण पुष्कळसं शरीराचं आहे. गाताना थांबता येतं ते स्वरांवर : आ, ए, ओ. 'क'वर किंवा 'ट'वर कुणी आलाप घेतलेला ऐकलाय? आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांमुळे. म्हणजे गाणं जिथे रेंगाळतं तिथे अर्थ थोडा, आणि अर्थ जिथे आहे ती जागा क्षणात निसटून जाते. त्यात बाईचा आवाज फार वर गेला, साधारण 700 हर्ट्झच्या पुढे, की स्वरही एकमेकांत मिसळायला लागतात. 'ई' काय आणि 'ऊ' काय, सगळे 'आ'कडे झुकतात, कारण तोंडाच्या पोकळीतल्या ज्या घुमण्यावरून आपण स्वर ओळखतो त्याच्याही वर मूळ सूर गेलेला असतो. कितीही स्पष्ट उच्चारांची गायिका असली तरी तिथे तिचा इलाज चालत नाही. ऑपेराच्या श्रोत्यांनी हे पिढ्यान् पिढ्या सोसलं. 1983 साली टोरंटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर शब्द दाखवायला सुरुवात केली आणि मग ती पद्धत जगभर गेली. त्याआधी तिकीट काढून बसणारी माणसं बथ्थड नव्हती. त्यांचं रडणंही खरंच होतं.

दुसरं कारण पुनरावृत्तीचं. डायना डॉइच या संशोधिकेला 1995 साली एक गंमत सापडली. बोलण्याचा रेकॉर्ड केलेला एक छोटा तुकडा, एक अक्षरही न बदलता, पुन्हा पुन्हा वाजवत राहिलं की तो बोलल्यासारखा न वाटता गायल्यासारखा वाटायला लागतो. घोळवलं की अर्थ मागे सरकतो आणि सूर पुढे येतो. आता तुमच्या गाण्याचा मुखडा तुम्ही आयुष्यात किती वेळा म्हटला असेल याचा अंदाज करा! तिथे अर्थ उरेलच कसा?

आणि शब्द पाठ असणं ही तर आणखी निराळीच चीज. मेंदूच्या आघातानंतर वाचा गेलेल्यांपैकी काही जणांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं ते शब्दांसकट म्हणतात. गाऊन बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धतीही 1973 पासून वापरात आहे. गाण्यातले शब्द आपण बोलण्यातल्या शब्दांच्या कप्प्यात ठेवलेले नसतात, ते चालीला चिकटलेले असतात. म्हणून नातीने विचारल्यावर तुम्ही मनात मुखडा म्हणून पाहिला असणार, आणि तो म्हणताना परत नुसता सूरच हाती आला असणार.

तेव्हा एक करा. ते गाणं चाल विसरून वाचा. मोठ्याने, जसं पत्र वाचतो तसं. पहिल्यांदा जीभ चालीकडे धावेल, तिला अडवा. आणि मुखड्यापाशी फार थांबू नका. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते : मुखड्यावर सगळ्यांची नजर असते. संगीतकार म्हणतो हुक हवा, म्हणजे ऐकताक्षणी डोक्यात अडकेल असं काही, निर्माता म्हणतो सोपा हवा. पहिला अंतरा मुखड्याच्या दिमतीला जातो. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत पोहोचेतो सगळे चहाला गेलेले असतात, आणि लिहिणाऱ्याला जे म्हणायचं असतं ते तो तिथे गुपचूप म्हणून घेतो. अर्थ शोधायचा तर दुसऱ्या अंतऱ्यात शिरा.

तुमच्या नातीचा प्रश्न मात्र मी या सदराला उसना घेतेय, कारण त्याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. 'या गाण्याचा अर्थ काय' असं विचारलं की माणूस शब्दार्थ सांगायला लागतो, परीक्षेत लिहितात तसा. 'कोण, कोणाला, कधी म्हणतंय' असं विचारलं की गाण्यात माणसं दिसायला लागतात. मी घरी बसल्या बसल्या एक ओळ करते, पाहा : 'उशीर झाला, नीघ आता.' कुणाची आहे ही ओळ? परगावी निघालेल्या लेकीला आई म्हणत असेल. नको असलेल्या पाहुण्याला घरमालक म्हणत असेल. उशाशी रात्रभर बसलेल्या मुलाला अंथरुणाला खिळलेला बाप म्हणत असेल, आणि मग 'उशीर' कशाला झाला हा प्रश्न अंगावर येतो. चार शब्द, एकही अवघड नाही, आणि शब्दकोश इथे काहीच कामाचा नाही.

आता याच ओळीला चाल लावा. 'आता'वर सूर षड्जाला, म्हणजे मुक्कामाच्या 'सा'ला, येऊन टेकला तर निरोप झाला, दार लागलं. पण संगीतकाराने तो 'आता' त्याच्या अलीकडच्या निषादावर, म्हणजे 'नी'वर, लोंबकळत ठेवला, सा समोर दिसत असून तिथे जाऊच दिलं नाही, तर? तोंड म्हणतंय 'नीघ' आणि चाल म्हणतेय 'नको जाऊस'. गाण्याचा अर्थ या दोघांच्या भांडणात असतो. नुसते शब्द वाचणाऱ्याला तो अर्धाच कळतो, आणि नुसती चाल ऐकणाऱ्यालाही. म्हणून वाचून झालं की पुन्हा ऐका. या वेळी कान वेगळ्याच जागी उभा राहील.

प्रश्न : आमच्या लग्नात नवऱ्याने हौसेने एक इंग्रजी गाणं लावलं होतं, तेव्हापासून ते 'आमचं' गाणं. आता मी त्याचे शब्द नीट वाचले. तो माणूस प्रेमिक नाहीच, पाळत ठेवणारा आहे! नवऱ्याला सांगू का? सगळी मजा गेल्यासारखं झालंय.

उत्तर : गाण्याचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते : पोलीस नावाच्या बँडचं 1983 सालचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. ते लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतः अनेकदा सांगितलंय की हे गाणं मालकी गाजवण्याबद्दल, नजर ठेवण्याबद्दल आहे. तरी जोडपी त्यावर नाचतात. तुम्ही एकट्या नाही.

मात्र फसलात असं मी म्हणणार नाही. त्या गाण्यात बोलणारा माणूस स्वतःला प्रेमिकच समजतो. पाळत ठेवणारे स्वतःला दुसरं काय समजतात? चाल त्याच्या बाजूने आहे. ती गोड आहे, स्थिर आहे, एकाच लयीत मागे मागे येते. गाणं आपल्याला त्याच्या डोक्यात नेऊन बसवतं, आणि तिथून जग कसं दिसतं ते दाखवतं. ज्याला ते नुसतं प्रेमगीत वाटलं त्याच्यापर्यंत गाणं अर्धं पोहोचलं, ज्याला अंगावर काटा आला त्याच्यापर्यंत पूर्ण.

असाच, आणि याहून मोठ्या प्रमाणावरचा, प्रकार अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'चा. 1984 साली आलेलं गाणं. अंतऱ्यांत व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एक माणूस आहे, ज्याला काम मिळत नाही आणि ज्याला कुणी विचारत नाही. मुखडा मात्र मूठ उंचावून ओरडावा असा. त्याच वर्षी निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. लोक ते गाणं अभिमानगीत म्हणून गातच राहिले. मी वर म्हटलं ना, मुखड्यावर भरवसा ठेवू नये. इथे तर मुखडा आणि अंतरा दोन वेगळ्या गावचे आहेत, आणि ते मुद्दामच.

नवऱ्याला जरूर सांगा. पण आरोप केल्यासारखं नको. त्याच्याबरोबर बसून ऐका आणि विचारा, "हा माणूस कसा वाटतो तुला?" लग्नाला बरीच वर्षं झाली असतील तर त्याचं उत्तर गाण्यापेक्षा मनोरंजक असेल. ते गाणं 'आमचं' राहू दे. तुमच्या आठवणीला त्या माणसाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. कानात गाणी असल्याशिवाय तिला वाचताच येत नाही म्हणते. शब्दांकडे लक्षच नसतं, असं तिचं म्हणणं. खरं मानू?

उत्तर : तिचं लक्ष नसेल, कानाचं असतं. कळणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडत असले की वाचन आणि पाठांतर यांत ते लुडबुड करतात. आपण ऐकायचं नाही ठरवलं तरी. नुसतं वाद्यसंगीत त्या मानाने कमी छळतं. चित्रं काढताना, वह्या लावताना हवी ती गाणी ऐकू दे. इतिहास वाचताना सतार.

आणि एक चोरटा हेतू : शब्द असलेलं गाणं तिने कधीतरी हातातलं काम सोडून, नुसतं बसून ऐकावं. ही चैन आता फार थोडी माणसं करतात.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ दोघंही गाणीवेडे. तो म्हणतो, कवीला जो अर्थ अभिप्रेत होता तोच खरा, बाकी सगळा आपला खेळ. मी म्हणतो, गाणं एकदा बाहेर पडलं की ऐकणाऱ्याचं. दोन महिने भांडतोय. निकाल द्या.

उत्तर : निकाल देते, पण दोघांनाही आवडणार नाही.

आधी भावाच्या विरुद्ध. एका नाटकासाठी मी ओळ लिहिली होती, तीत 'मुठी' हा शब्द टिपेच्या जागेवर येत होता. डबिंगला गायिकेने हात जोडले. तार सप्तकात 'ठी' वर कसं उभं राहायचं? तिथे 'आ' हवा. मी 'हाता' केलं, ओळ बसली, टेक ओके झाला. प्रयोग सुरू झाल्यावर एका प्रेक्षकाने मला गाठून विचारलं, की नायिका सबंध नाटकभर झगडते आणि त्या क्षणी तिचा हात उघडा का? ही शरणागती आहे की क्षमा? मी काय सांगणार! तो अर्थ मी ठेवलेला नव्हता, गायिकेच्या गळ्याने ठेवला होता. पण तो तिथे होता, आणि चांगला होता. पुढच्या प्रयोगापासून नटी त्या ओळीला खरंच मूठ उघडायला लागली.

अशा गोष्टी थोरामोठ्यांकडेही होतात. बीटल्स या बँडच्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल आधी सुचली, आणि शब्द सापडेपर्यंत तो तिथे 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असं म्हणत होता. आम्ही याला 'डमी' म्हणतो. माझ्या डमींमध्ये मुख्यतः भाज्यांची नावं असतात. तेव्हा कवीच्या मनात सगळं आधीपासून शिजून तयार असतं ही समजूत सोडा. पुष्कळदा चाल शब्द मागते आणि शब्द येताना अर्थ घेऊन येतो.

आता तुमच्या विरुद्ध. 'ऐकणाऱ्याचं' म्हणजे वाटेल ते नव्हे. 1967 साली बीटल्सचं 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' आलं तेव्हा नावातल्या आद्याक्षरांवरून लोकांनी एल.एस.डी. या नशेच्या पदार्थाशी त्याचा संबंध जोडला. ते लिहिणारा जॉन लेनन सांगत राहिला की त्याच्या लहान मुलाने शाळेतून आणलेल्या चित्राचं ते नाव होतं. तुम्ही लेननवर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण आद्याक्षरं जुळवणं म्हणजे गाणं ऐकणं नव्हे. ते कोडं सोडवणं झालं. कोडं सुटलं की आपण कागद टाकून देतो. गाणं सुटत नाही, म्हणून परत लावतो.

माझी कसोटी साधी आहे. तुमचा अर्थ गाण्यातल्या शेवटच्या ओळीपर्यंत टिकतो का? अंतऱ्यातल्या एखाद्या ओळीने त्याला खोटं पाडलं आणि तुम्ही त्या ओळीकडे दुर्लक्ष करत असाल, तर तो तुमचा अर्थ आहे, गाण्याचा नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी घ्या. 'पैल तो गे काऊ' नुसतं कानावर पडलं तर वाट पाहणारी एक बाई दिसते, कावळ्याला शकुन विचारणारी. तो अर्थ चूक नाही. पण पाहुणा कोण येणार आहे ते शब्द सांगतात : पंढरीचा राणा. आणि बोलणारा पुरुष आहे, संत आहे, त्याने बाईचा आवाज घेतलाय. आता 'कोण कोणाला' या प्रश्नाची उत्तरं एकावर एक चढत जातात. बाई खोटी ठरत नाही, तिच्या आत आणखी कुणी सापडतं. ज्याला नुसती प्रेयसी दिसते आणि ज्याला नुसता भक्त दिसतो, त्या दोघांनीही गाणं पातळ केलं.

आणि ग्रेस? ग्रेससारख्या कवीचं तुमचा भाऊ काय करतो हे मला फार विचारायचंय. 'भय इथले संपत नाही' हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लता मंगेशकरांनी गायलं, 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत म्हणून ते घराघरांत गेलं. दुर्बोध म्हणून ज्या कवीच्या पुस्तकाला हात लावायला लोक कचरतात, त्याची कविता माणसं संध्याकाळी स्वयंपाक करता करता गुणगुणत होती. त्यांना ती कळली का? ओळीओळीचा अन्वय लावा म्हटलं असतं तर नसती सांगता आली. पण कातरवेळ, आठवण आणि एक नाव नसलेली भीती, एवढं त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं, आणि ते कवितेला सोडून नव्हतं. तेव्हा निकाल असा : भावाने कवीला विचारणं थांबवावं, तुम्ही स्वतःला विचारणं थांबवावं, आणि दोघांनी मिळून ओळीला विचारावं. भांडण मात्र चालू ठेवा. भाऊ-भाऊ गाण्यावरून भांडतायत म्हणजे घरात दुसरं काही बिनसलेलं दिसत नाही.

प्रश्न : एका गाण्यातला शब्द मी आयुष्यभर चुकीचा ऐकत आलो. खरा शब्द कळल्यावर निराशाच झाली, माझा जास्त सुंदर होता. हसू नका.

उत्तर : हसत नाही. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने 1954 साली यावर अख्खा लेख लिहिला होता. लहानपणी आईने वाचून दाखवलेल्या बॅलडमध्ये, म्हणजे कथागीतात, सरदाराला मारून 'हिरवळीवर निजवला', इंग्रजीत 'लेड हिम ऑन द ग्रीन', असं होतं. हिला ऐकू आली त्याच्याबरोबर मेलेली एक 'लेडी मॉन्डग्रीन'. तिचंही म्हणणं तेच : माझी आवृत्ती बरी होती. बिचारा सरदार एकटा तरी नव्हता मेला.

कान रिकामी जागा सहन करत नाही. निसटलेल्या व्यंजनाच्या जागी तो आपल्याजवळचा शब्द बसवतो, आणि तो बऱ्याचदा आपल्या मनातलाच असतो. तुमचा शब्द मला कळवा. तुमच्याबद्दल काही सांगेल तो. आणि आवडला तर मी चोरीन.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा सध्या एक गाणं दिवसरात्र वाजवतो. ठेका जबरदस्त, माझेही पाय हलतात. पण शब्द बायकांबद्दल इतके घाण आहेत की ऐकवत नाहीत. तो म्हणतो, "आई, शब्दांकडे कोण लक्ष देतं?" बंदी घालू?

उत्तर : बंदीचा इतिहास फारसा गौरवशाली नाही. 1963 साली किंग्समेन या बँडने 'लुई लुई' रेकॉर्ड केलं, इतकं अस्पष्ट गायलेलं की पोरांनी त्यात अश्लील शब्द 'ऐकले', पालकांनी तक्रारी केल्या, आणि अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास यंत्रणेने ते गाणं वेगवेगळ्या गतींनी वाजवून तपासलं. निष्कर्ष काय, तर काही कळत नाही. खऱ्या शब्दांत एक खलाशी दूर राहिलेल्या प्रेयसीची आठवण काढतोय, बस्स. पालकांच्या भीतीने काय काय ऐकू येतं याचा तो नमुना.

तुमच्या बाबतीत मात्र तसं नाही. तुम्ही दोन ओळी लिहून पाठवल्यात आणि त्यांत अस्पष्ट काही नाही. 'लक्ष कोण देतं' हे त्याचं म्हणणं वरच्या आजींच्या पत्रामुळे मला बरंचसं खरं वाटतं. पण लक्ष न देता पाठ झालेली गोष्ट जात नाही, हेही तिथेच दिसतं. आजी होईपर्यंत राहते.

असलं काम माझ्याकडेही आलं होतं. चाल अप्रतिम होती, आजही अधूनमधून डोक्यात वाजते. शब्द कसे हवेत ते सांगितल्यावर मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, ते गाजलं, आणि एका समारंभात माझे पायही त्यावर हलले. तेव्हा पाय हलण्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. ठेका शब्दांची वाट पाहत नाही, आणि अशी गाणी करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

मुलाला एकच सांगा : त्या दोन ओळी चाल न लावता, ठेका न धरता, माझ्याकडे बघून म्हणून दाखव. म्हणवणार नाहीत. म्हणाला तर विचारा, हे ज्या मुलीला म्हटलंय ती गाण्यात कुठे आहे? तिला एक तरी ओळ आहे का? रागाची, हसण्याची, 'चल हट' म्हणण्याची? शृंगाराची गाणी आपल्याकडे थोडी नाहीत, चावट लावण्याही आहेत, पण चांगल्या लावणीत बाई स्वतः बोलते आणि समोरच्याला पुरून उरते. त्याच्या गाण्यात ती नुसती अवयवांची यादी आहे. एवढं बोलून उठा. पुढे लगेच गाणं बंद होईल अशी अपेक्षा नको. थोडा आवाज कमी झाला तरी पुष्कळ.

प्रश्न : तुम्ही लोक अर्थ अर्थ करता, पण मला शब्द नसलेलं किंवा न कळणारंच गाणं जास्त भावतं. यात काही कमी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तराणा घ्या. 'तनन देरेना'ला कुणी अर्थ विचारत नाही. शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँ यांना मात्र त्या बोलांमागे फारसी अर्थ आहेत असं वाटत होतं आणि त्यांनी त्याचा शोध घेतला होता. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यांचा तराणा ऐकताना माझं काही अडलेलं नाही. इटलीचा गायक आद्रियानो चेलेंतानो याने 1972 साली तर अमेरिकन इंग्रजीसारखं वाटणारं पण शुद्ध निरर्थक गाणं केलं आणि ते चाललंही. तिथेही माझा प्रश्न निम्मा लागू पडतो. काय म्हणतंय ते नसेल, कुणीतरी कुणालातरी म्हणतंय हे असतंच. आवाज आर्जव करतोय की फुशारकी मारतोय, हे कळायला शब्द लागत नाहीत.

प्रश्न : मी हौशी गायिका आहे. कार्यक्रमांत जुनी भावगीतं म्हणते. सूर, ताल ठीक आहेत असं सगळे म्हणतात, पण गुरुजी म्हणतात, "तू शब्द म्हणतेस, बोलत नाहीस." म्हणजे नेमकं काय करू?

उत्तर : गुरुजी चांगले मिळालेत, सोडू नका.

गाणं स्वतःच्या हाताने लिहून काढा, पण कवितेसारखं ओळी तोडून नको, सलग, गद्यासारखं. 1987 च्या 'इजाजत' या हिंदी चित्रपटातलं 'मेरा कुछ सामान' आठवा. गुलजारांनी ते जवळजवळ गद्यातच लिहिलं, आर. डी. बर्मन यांनी त्याला चाल लावली, आणि आशा भोसले ते गातात तेव्हा कुणीतरी परत मागायच्या वस्तूंची यादी सांगत बसलंय असंच वाटतं. गाऊन दाखवतंय असं वाटत नाही. त्या गाण्यासाठी गुलजार आणि आशाबाई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमचं गाणं छंदात घट्ट बांधलेलं असलं तरी सलग लिहिलं की वाक्य दिसतं. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, प्रश्न कुठे संपतो. मग श्वासाच्या खुणा करा. मी ऐकलेल्या हौशी गाण्यांत अर्थ मरतो तो निम्म्या वेळा श्वासामुळे. विशेषण एका श्वासात, नाम दुसऱ्यात, आणि मध्ये तबलजीचा तुकडा.

नंतर ठरवा की तुम्ही कोणाशी बोलताय. 'श्रोत्यांशी' हे उत्तर चालणार नाही. गाण्यातला तो किंवा ती समोर आहे की दूर? ऐकतोय की निघून गेलाय? निघून गेलेल्या माणसाशी आपण मोठ्याने बोलत नाही. मग आवाज आपोआप उतरतो, हातवारे गळून पडतात, आणि गळ्याच्या ज्या छोट्या करामतींनी, हरकतींनी, टाळ्या मिळायच्या त्यांतल्या दोन-तीन तुमच्या तुम्हालाच नकोशा होतील. टाळ्या थोड्या कमी पडतील, याची तयारी ठेवा.

राहिला मुखडा. भावगीतात तो प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतो, आणि बहुतेक गायक तो दर वेळी जसाच्या तसा म्हणतात, बसमध्ये ठरलेली जागा पकडावी तसा. पण पहिल्या अंतऱ्यानंतर बोलणारीला काहीतरी आठवलेलं असतं आणि दुसऱ्यानंतर बहुधा काहीतरी उमगलेलं असतं. शब्द तेच असले तरी ती तीच राहिलेली नसते. तेव्हा कागदावर मुखडा जितक्या वेळा येतो तितक्या वेळा पूर्ण लिहा, 'ध्रु.' लिहून मोकळ्या होऊ नका, आणि प्रत्येकासमोर लिहा की आता ती काय मनात धरून हे म्हणतेय. क्रॉस लाइन, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्यावर आणणारी ओळ, तिच्यावर जास्त वेळ घालवा. वळण तिथेच घेतलं जातं. गुरुजींना तो कागद दाखवू नका, गाऊन दाखवा. आणि पुढच्या महिन्यात मला कळवा ते काय म्हणाले.